सुमतीबाईंच्या गाडीचे पाय

या, जरा पुढे सरकून बसा. शीळफाट्याच्या सहदेवची आजचीच गोष्ट सांगायची आहे, आणि ती जवळ बसूनच ऐकण्यासारखी आहे.

"काका, ह्या पायांवर गाडी उचललेली काय?" गाडीच्या कोपऱ्यांखालचे लोखंडी टेकू वाकून बघत सहदेवने विचारलं.

ट्रकचे टायर बदलण्यात त्याची वीस वर्षं गेली होती. पण मोटारीमागे जोडायचं हे चाकांवरचं घर त्याच्या दारात पहिल्यांदाच आलं होतं. आत पलंग, कपाट, खुंटीला झांजा. एक बाजू तर छपरापर्यंत वर उघडायची. ती कशाला, हे त्याला कळेना.

"टायर बघायला उचलली," बाळकुमचे हरिहरराव ओशाळले. "पाय भक्कम वाटले मला."

"पाय टेकायला असतात काका, उचलायला जॅक. एक वाकलाय बघा."

"पाय बदल. टायर मात्र राहू देत, नक्षी कोरी आहे. तीन वर्षं गाडी जागची हललेली नाही."

सहदेवने टायरच्या कडेचे आकडे अंगठ्याने पुसले. टायर बनल्याचा चौदावा आठवडा, साल सतरा. नख लावताच रबराची चीर उघडली. "चालून टायर झिजतो काका. एका जागी राहून मरतो."

मोटारीत बसलेल्या त्यांच्या पत्नी सुमतीबाई हसल्या. "ऐकलंत? मला खुर्चीत बसवून ठेवलंत, त्याचंच सांगतोय तो."

"अगं, डॉक्टरांनीच..."

"डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं."

सुमतीबाई कीर्तनकार. तीन वर्षांपूर्वी डावं अंग गेलं, हळूहळू थोडं परत आलं. उद्या आंबिवलीला पुन्हा कीर्तन आहे. मंडपाच्या पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून ती बाजू उघडून गाडीतूनच करायचं. पण नारदाच्या गादीवर उभ्यानंच बोलायचं. बसून करायची वेळ आली तर कीर्तनच नको, हा त्यांचा हट्ट.

हरिहररावांनी दुकानातले चकचकीत, लाथेसरशी खाली पडणारे पाय निवडले.

"काकू आत झोपणार, का उभ्या राहणार?" सहदेवने विचारलं.

"उभी राहणार. तालावर पायही आपटणार," सुमतीबाई म्हणाल्या.

"मग ते ठेवा काका. हे कैचीसारखे उघडणारे घ्या. दिसायला काळे, पण डुलायचे नाहीत."

त्याने आसाखाली जॅक लावून दोन्ही टायर बदलले, चारी कोपऱ्यांना कैच्या बसवल्या, हँडल फिरवून टेकवल्या. मग काठोकाठ भरलेला तांब्या आत ठेवला. "चढा काकू."

त्यांनी पायाने ठेका धरला. पाणी सांडलं. हरिहरराव हात द्यायला धावले.

"धरू नका!" त्या म्हणाल्या आणि आपल्या डाव्या पायाकडे बघू लागल्या.

"तुमचा पाय नाही काकू, जमीन भुसभुशीत आहे," म्हणत सहदेव गाडीखाली शिरला आणि त्याने कैचीखाली फळी सरकवली. "तांब्या पुन्हा भरा काका. आता होऊ द्या."

पुन्हा ठेका. मग झांज. मग तीन वर्षं घरात कोंडलेलं रामनाम शीळफाट्याच्या ट्रकांच्या गोंगाटावर चढलं. सहदेव खालीच आडवा होता, तळहात लोखंडी पायाला लावून. ताल हातात उतरत होता. पाय जागचा हलत नव्हता.

"काका, पाणी?"

हरिहरराव तांब्यावर वाकले. पाणी तांब्याच्या काठाला थरथरत होतं. थेंब बाहेर आला नव्हता.

बाबांनो, उद्या आंबिवलीला कपाळी बुक्का लावून घ्याल, तेव्हा गाडीखालच्या त्या माणसाची आठवण असू द्या.