खुर्चीचा नियम

केदारनं बेलवर ठेवलेलं बोट उचललंच नाही. शाळेत असल्यापासूनची सवय. त्यावर "बहिरी नाहीये मी!" असं ओरडत दार उघडायचं, ही आईची सवय. पण आज दार उघडलं नम्रतानं. तिच्या एका हातात पेन होतं आणि दुसऱ्या हातात चिठ्ठ्यांचा स्टीलचा डबा.

"या," ती म्हणाली, आणि डबा घेऊन आत निघून गेली.

वर्षभरानं जर्मनीहून आलेल्या माणसाचं हे स्वागत! पण केदार मनातून खूश झाला. आपण न कळवता आलो, तर यांनी आपलीच फिरकी घ्यायची ठरवलेली दिसते. टोळी कॉलेजपासूनची, तोंडावर कौतुक करेल तर शपथ. मुंबईहून टॅक्सीनं थेट शुक्रवार पेठेत येताना त्यानं मुद्दाम आजचा दिवस साधला होता. ऑगस्टचा पहिला रविवार म्हणजे ड्राफ्ट, आणि ड्राफ्ट म्हणजे आईचा हॉल आणि आईची साबुदाण्याची खिचडी. आई, म्हणजे मंदाकिनीबाई, तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या. फुटबॉल त्यांना ओ की ठो कळत नसे, पण घर भरलेलं आवडे.

तो चाकांची बॅग ओढत हॉलमध्ये आला. आठ खुर्च्या गोलात मांडल्या होत्या. नम्रता जाऊन बसली आणि आठही भरल्या. खिडकीजवळची वेताची खुर्ची केदारची. तिच्यावर राजस बसला होता.

ड्राफ्ट म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही ते सुखी आहेत. तरी सांगायला हवं. इंग्लंडात खेळणारे खरे फुटबॉलपटू आठ जणांनी, चिठ्ठ्या काढून ठरलेल्या क्रमानं, आळीपाळीनं आपापल्या कागदावरच्या संघात घ्यायचे. एकानं घेतलेला दुसऱ्याला मिळत नाही. मग मे महिन्यापर्यंत ते तिकडे चिखलात पळणार आणि त्यांच्या कामगिरीवर हे इकडे पुण्यात भांडणार. संघात पंधरा जण. अकरा खेळणारे, चार राखीव. अकरांतला एखादा मैदानात उतरलाच नाही तर राखीव आपोआप त्याच्या जागी धरला जातो, आणि त्याचे गुण संघाला मिळतात. कोण उतरला नव्हता, हे नंतर कोणी विचारत नाही.

शिवाय या आठ जणांचा स्वतःचा एक नियम होता. खुर्ची रिकामी ठेवायची नाही. ज्याला जमणार नसेल त्याच्या जागी बदली माणूस बसवायचा, आणि त्याला दिवसभर मूळ माणसाच्याच नावानं हाक मारायची, म्हणजे यादीत घोळ नको. शेवटची निवड झाली की बदली माणसानं उठून उभं राहायचं, स्वतःचं नाव मोठ्यानं सांगायचं, मग त्याला चहा. याला ते नाव सोडणं म्हणत. नम्रतानं कधीतरी गमतीत काढलेलं हे. पण पुण्यात गमतीत काढलेल्या गोष्टीची परंपरा व्हायला दोन वर्षं पुरतात.

गेल्या वर्षी केदारच्या जागी राजस बसला होता. अभिनवच्या ऑफिसातला. कुठंही चालणारा माणूस. कॅरमला चौथा कमी पडतोय, बोलवा राजसला. कोणाच्या तरी आजोबांना येरवड्याहून दवाखान्यात न्यायचंय, राजस आहे. एवढं असून त्याचा चेहरा कसा आहे हे कोणाला नीट सांगता यायचं नाही. ड्राफ्ट संपला तेव्हा केदार विमानतळावरून व्हिडिओ कॉलवर होता, मागे उद्घोषणा चालू होती. अभिनव म्हणाला, "बघ, हा आता नाव सोडतोय." आणि केदार घाईघाईत म्हणाला, "राहू दे रे! सीझन संपेपर्यंत तोच केदार. आईकडेही तोच बघेल." सगळे हसले होते. राजसला तसाच चहा मिळाला.

"काय मंडळी," केदार आता म्हणाला. "माझी खुर्ची?"

"चिठ्ठ्या काढून झाल्यात," अभिनव यादीतून मान वर न करता म्हणाला. तो लीगचा सचिव. त्याला कोणी नेमलं हे कोणालाच आठवत नव्हतं. "बघायचं असेल तर त्या स्टुलावर बसा. मध्ये बोलायचं नाही."

"अहो-जाहो का? बरं, बरं. चालू द्या." केदार हसत टीव्हीशेजारच्या स्टुलावर बसला.

पहिली फेरी सुरू झाली. गोल करणारे मोठमोठे खेळाडू एकेक करून गेले. मग अभिनव म्हणाला, "केदार?"

केदारनं तोंड उघडलं, पण राजस आधी बोलला. त्यानं कोणा एका बचावपटूचं नाव घेतलं. तोही आपल्या क्लबात बाकावर बसणारा.

"पहिल्याच फेरीत राखीव माणूस?" पलीकडून कोणीतरी म्हणालं.

"तो बचावात खेळतो, मध्येही खेळतो, वेळ पडली तर डाव्या विंगवरही," राजस हळू आवाजात म्हणाला. "कोणाचा ना कोणाचा पाय मोडतोच. मग हा उतरतो."

"याचं ऐका रे," नम्रता म्हणाली. "दहा वर्षं हिरो घेऊन तळाला राहिला. गेल्या वर्षी असले हमाल घेतले आणि जिंकला की नाही?"

दहा वर्षं तळाला राहिलेला केदार स्टुलावर बसून हे ऐकत होता. विचार करताना राजस डाव्या कानाची पाळी ओढत होता. केदारचा हात स्वतःच्या कानापर्यंत गेलेला होता. तो त्यानं खाली घेतला.

थट्टा म्हणून ठीक आहे. पण या टोळीत कोणतीही थट्टा पाच मिनिटांच्या वर टिकलेली नव्हती, कारण नम्रताला हसू आवरायचं नाही. केदारनं तिच्याकडे नीट पाहिलं. ती काहीच आवरत नव्हती. ती यादी बघत होती.

"पुरे झालं," केदार उठला. "राजस, ऊठ तिथून."

राजस लगेच उठला. जराही कुरकुर नाही. "बसा ना," म्हणाला, आणि खिडकीला टेकून उभा राहिला. केदार आपल्या खुर्चीत बसला. वेत गरम होता. चला, आता बरं वाटलं.

दुसरी फेरी उलटी फिरत आली. "केदार?" अभिनवनं विचारलं.

केदारनं एका स्ट्रायकरचं नाव सांगितलं. चांगलं खणखणीत सांगितलं. अभिनवचं पेन कागदावर टेकलं नाही. तो खिडकीकडे बघत राहिला.

"केदार, लवकर बोल. टर्न जाईल."

"अरे, बोललो ना मी!"

"मध्ये बोलायचं नाही, प्लीज," अभिनव म्हणाला. आवाजात राग नव्हता. बँकेत रांग चुकलेल्या माणसाशी बोलावं तसा होता. खिडकीजवळून राजसनं ओशाळून एक नाव सांगितलं आणि पेन चालू झालं.

केदारला वॉचमन आठवला. मघाशी खाली नव्या वॉचमननं वहीत नाव लिहायला लावलं होतं. आपण लिहिल्यावर तो म्हणाला होता, "केदारसाहेब तर सकाळीच वर गेले." तेव्हा हसू आलं होतं.

"हे बघ," तो राजसला म्हणाला, "गेल्या वर्षी नाव सोडायचं राहिलंय. माझीच चूक. आता सोड. सगळ्यांसमोर."

"सोडतो की," राजस म्हणाला. तो खिडकीपासून दोन पावलं पुढे आला आणि ताठ उभा राहिला. तोंड उघडलं. मग मिटलं. फोन नंबर आठवावा तसे त्याचे डोळे छताकडे गेले.

"आठवेना," तो शेवटी म्हणाला, आणि स्वतःच हसला. पण त्याचे ओठ कोरडे पडले होते. तो खरंच घाबरला होता.

"राजस!" केदार ओरडला. "राजस नाव आहे तुझं!"

नम्रतानं चमकून मान वर केली. केदारच्या चेहऱ्यावर तिची नजर ठरली आणि तिचा चेहरा एकदम उजळला.

"अय्या, राजस! तरीच म्हटलं, कुठंतरी पाहिलंय. मागच्या वर्षी तुम्हीच बदली बसला होतात ना? ओळखलंच नाही हो. बसा ना, बसा."

केदार ताडकन उठून स्वयंपाकघरात गेला.

आई ओट्याशी उभी होती. पाठमोरी. कढईतली खिचडी परतत होती. ती वाळली होती; खांद्याची हाडं ब्लाउजमधून दिसत होती.

"आई."

"आलास?" ती वळली नाही. "बॅग वाटेत टाकली असशील."

केदारला रडूच फुटायचं बाकी राहिलं. "तू ओळखतेस मला!"

"न ओळखायला काय झालं? चौदा तास कळा दिल्यात तुझ्यासाठी."

"मग बाहेर येऊन सांग ना त्यांना! सगळे वेड्यासारखे त्यालाच..."

आईनं गॅस बंद केला. "फेब्रुवारीत मी न्हाणीघरात पडले."

"माहितीये. फोनवर बोललो की आपण."

"फोनवर काय कळतं, डोंबल! दीड तास पडून होते. कडी तोडून आत आला तो. कशाही अवस्थेत होते मी. उचललं. मग तीन आठवडे माझं सगळं केलं. सगळं म्हणजे सगळं, केदार." ती अजूनही कढईकडेच बघत होती. "परक्या माणसाच्या हातून ते करून घ्यायला मी लाजेनं मेले असते. म्हणून मी ठरवलं, हा केदार आहे. मनाशी पक्कं ठरवलं. पहिल्यांदा त्या नावानं हाक मारली तेव्हा जीभ अडखळली. दुसऱ्यांदा नाही अडखळली."

"आणि हे बाहेरचे?"

"त्यांना मी काही सांगितलेलं नाही. शेजारचेही तेच म्हणायला लागले. कसं ते मला विचारू नकोस. मलाही भीती वाटते कधीकधी."

"पण आता मी आलोय ना."

"किती दिवस?"

केदारनं फरशीकडे पाहिलं. रजा तीन आठवड्यांची होती. आणखी तीन वर्षांच्या करारावर सही करून तो आला होता. ते दोन दिवसांनी, आईचा मूड बघून सांगायचं ठरवलं होतं. आईला उत्तरपत्रिकेआधी चेहरा वाचायची तीस वर्षांची सवय. तिनं मान डोलावली.

"मग त्याला उठवायचं, आणि तू गेलास की पुन्हा बसवायचं? तो बसेलही, गरीब बिचारा. पण मला नाही रे पुन्हा पहिल्यापासून जमायचं. एकदा जमवलं तेव्हाच आतून तुटले मी."

राहतो, एवढंच म्हणायचं होतं. एक शब्द. आई थांबली. चिरलेल्या कोथिंबिरीची मूठ हातात धरून ती चांगली थांबली. केदारनं ओठ ओले केले. बाहेर तिसऱ्या फेरीची नावं पुकारली जात होती, आणि डोळ्यांसमोर उगाचच ते तिकडचं नवं घर, खिडकीतून दिसणारी ट्राम, असलं काहीबाही येत होतं.

आईनं कोथिंबीर कढईत टाकली.

"जा, बाहेर बस," ती म्हणाली. "आणते मी."

हॉलमध्ये वेताच्या खुर्चीत पुन्हा राजस बसला होता. केदारला पाहून तो अर्धवट उठला, डोळ्यांनी विचारलं. त्या डोळ्यांत विनवणी होती, पण कशाची, उठव म्हणून की नको उठवू म्हणून, ते कळेना. केदारनं हातानंच बस म्हणून खूण केली आणि स्टुलावर जाऊन बसला. अभिनवनं त्याला एक रिकामी बशी दिली. "राजस, धरा."

त्यानं धरली.

मंदाकिनीबाई कढई आणि डाव घेऊन बाहेर आल्या. गोलात एकेकाला वाढत गेल्या. खिडकीपाशी थांबून म्हणाल्या, "लिंबू पिळून घे रे, केदार. नुसती कोरडी खातोस आणि मग ठसका लागतो." मग त्या स्टुलापाशी आल्या.

"घ्या," त्या म्हणाल्या. "मागच्या वर्षी घाईत गेलात. खाल्लंही नाहीत काही."

"हो. घाईतच होतो."

"आई असतात ना तुमच्या?"

"असतात," तो म्हणाला. "इथंच, पुण्यात."

"त्यांच्याजवळ कोणी असतं का?"

त्यानं खिडकीकडे पाहिलं. वेताच्या खुर्चीत केदार लिंबू पिळत होता. बिया पडू नयेत म्हणून त्यानं बोटं आडवी धरली होती.

"मुलगा असतो," तो म्हणाला. "चांगला आहे."

"मग काही काळजी नाही," मंदाकिनीबाई म्हणाल्या. त्याच्या बशीत त्यांनी आणखी एक डाव वाढला, आणि कढई घेऊन त्या आत गेल्या.