रद्द पासपोर्टचं शेवटचं पान

मित्रांनो, मी एक जुना पासपोर्ट. पुढे 'आहे' लिहू की 'होतो' लिहू, इथेच माझं अडतं. रंग गडद निळा, अंगावर सोनेरी सिंहमुद्रा आणि एक कोपरा कात्रीने कापलेला. सध्या माझा मुक्काम जर्मनीत, डार्मश्टाटमधल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, कपाटाच्या खणात आहे. शेजारी विजेची बिलं आणि एक बंद पडलेलं घड्याळ. बोलायला कुणी नाही, म्हणून तुमच्याशी बोलतो.

माझा जन्म नाशिकच्या सरकारी छापखान्यातला. नागपूरच्या कचेरीत माझ्यात नाव भरलं गेलं: केतन राजानंद मेश्राम, जन्मस्थळ पवनी. हा केतन भारताचा नागरिक कसा झाला म्हणाल, तर आईबाप भारतीय आणि जन्म भारतातला, झालं! परीक्षा नाही, शपथ नाही. त्याने फक्त जन्माला येण्याचं काम केलं होतं, आणि तेही आठवडाभर उशिरा, असं त्याच्या आई मीराबाई हसत सांगायच्या.

मीराबाई अंगणवाडीत शिकवायच्या. नवरा लवकर गेला, पण दोन्ही लेकरांना त्यांनी शिकवलं. घरात भिंतीवर संविधानाची उद्देशिका लावलेली होती, आणि पाढ्यांच्या आधी केतनला ती पाठ झाली होती. तो निघाला त्या दिवशी त्यांनी मला धुतलेल्या रुमालात गुंडाळून त्याच्या हातात दिलं. म्हणाल्या, "बाबासाहेबांनी आपल्याले मानूस म्हनून कागदावर आनलं. कागदाले जपजो बाप्पा." मी नवाकोरा होतो. माझी छाती फुगली, खोटं कशाला सांगू!

डार्मश्टाटला केतन शिकला आणि तिथेच गाड्यांच्या ब्रेकची तपासणी करणाऱ्या एका कंपनीत लागला. माझे ते कामाचे दिवस. घर भाड्याने घ्यायचं, बँकेत खातं उघडायचं, कुठेही गेलं की आधी मी. पण हळूहळू माझी अडचण होऊ लागली. राहण्याचा परवाना वाढवायचा म्हणजे आधी टर्मीन, म्हणजे भेटीची वेळ, आणि ती मिळायला चार-चार महिने. एकदा सगळं ऑफिस कामासाठी इंग्लंडला गेलं. लाल, म्हणजे जर्मन पासपोर्टवाले नुसते उठले आणि गेले. माझा व्हिसा वेळेवर आला नाही, म्हणून केतन एकटाच मागे राहिला. त्या दिवशी त्याने मला टेबलावर जरा जोरातच आपटलं. माझा काय दोष? पण मी शरमलो.

मग कंपनीत माणसं कमी करायला लागले. नोकरी गेली तर परवानाही जाईल, या धास्तीने केतनची झोप उडाली. शेवटी त्याने जर्मन नागरिकत्वाचा अर्ज केला. तेहतीस प्रश्नांची परीक्षा दिली, कचेरीत उभं राहून प्रतिज्ञेचं वाक्य म्हटलं, आणि हातात उर्कुंड आली, म्हणजे नागरिकत्वाचं प्रमाणपत्र. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात होतो. आपला कायदा असा आहे, मित्रांनो, की आपल्या मर्जीने दुसरा देश घेतला की भारताचं नागरिकत्व आपोआप जातं. मिळताना टाळ्या झाल्या, जाताना कुणाला पत्ताही लागला नाही.

पुढे लाल पासपोर्ट आला आणि मी खणात गेलो. खरं तर वकिलातीत नेऊन मला लगेच जमा करायला हवं होतं, पण केतन टाळत राहिला. कारण एकच. त्याने आईला सांगितलंच नव्हतं. दर रविवारी फोन व्हायचा. "आल्झो... आई, एक सांगायचं होतं," अशी तो जर्मन 'तर'ने सुरुवात करायचा, आणि मग थंडीबद्दल बोलायचा.

अशात एका सकाळी पवनीहून धाकट्या बहिणीचा, अपेक्षाचा, व्हिडिओ कॉल आला. आई अंगणात पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं, चार दिवसांनी नागपूरला ऑपरेशन होतं. अपेक्षा रडत होती. "दादा, आजच निघ. आई सारखं तुझंच नाव घेतेय."

केतनने मला खणातून काढलं. माझ्यावरची मुदत अजून दोन वर्षं बाकी होती.

"व्हिसा काढावा लागेल गं," तो हळूच म्हणाला. अपेक्षाला सगळं माहीत होतं. ती कुजबुजली, "जुनाच दाखव ना! कुणाला कळतंय?"

मला वाटलं, ने रे बाबा, शेवटचं एकदा ने! त्याने मला उघडलं, स्वतःच्या जुन्या फोटोकडे बघितलं आणि मिटलं. "ते खोटं होईल, अपेक्षा. आईला फोन दे."

मीराबाई खाटेवर निजलेल्या होत्या. केतन एका दमात बोलला, "आई, मी आता भारताचा नागरिक नाही. दोन महिने झाले. तुला सांगायची हिंमत झाली नाही."

मीराबाईंनी फोन जवळ ओढला.

"म्हंजे आपल्याच घरी याले तुले परवानगी लागते?"

"हो, आई."

"अन् फारमात काय लिवतं, काहून येऊन राहिला म्हनून? टुरिस्ट?" त्या हसल्या, आणि हसता हसता त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. "पवनीत पाहाले काय हाये बाप्पा? मले पाहाले ये."

दुसऱ्या दिवशी केतन मला घेऊन फ्रँकफर्टच्या वकिलातीत गेला. खिडकीमागे स्नेहलता नावाच्या बाई होत्या. तातडीचा व्हिसा हवा तर रुग्ण आईच आहे याचा पुरावा द्या, म्हणाल्या. केतनने लाल पासपोर्ट पुढे केला. त्यात आईचं नावच नाही! जर्मन पासपोर्टात ते छापत नाहीत. जन्मदाखला पवनीच्या पेटीत. त्याचा चेहरा उतरला. बाईंनी मग मला उचललं आणि सरळ शेवटचं पान काढलं. तिथे छापलं होतं: आईचं नाव, मीराबाई राजानंद मेश्राम, आणि खाली पवनीच्या घराचा पत्ता.

"हे चालेल," त्या म्हणाल्या. त्या पानाची त्यांनी प्रत काढली. मग त्याच हाताने माझ्यावर रद्दचा शिक्का मारला आणि माझा कोपरा कापला. दुखलं म्हणू नये, पण दुखलं.

ऑपरेशनच्या सकाळी केतन पोचला. मी त्याच्या बॅगेत होतो. नागपूरला उतरल्यावर सवयीने तो भारतीयांच्या रांगेत उभा राहिला. "सर, परदेशी लोकांची रांग तिकडे," अधिकारी अदबीने म्हणाला. केतन मान खाली घालून तिकडे गेला.

मीराबाई वाचल्या. तीन आठवड्यांनी त्याला सोडायला वॉकर धरून दारापर्यंत आल्या. इतकी वर्षं त्या दारात एकच विचारायच्या, "आता कधी येशीन?" या वेळी म्हणाल्या, "आता येऊ देतीन ना रे तुले?" आजन्म येण्याजाण्याचं कार्ड मिळतं, त्याचा अर्ज करतो, असं केतन सांगत राहिला. त्या नुसत्या मान हलवत होत्या.

मित्रांनो, देश बदलणं हा काही गुन्हा नाही. केतनने चोरी केली नाही, पोटासाठी आणि झोपेसाठी एक कागद बदलला. माझी विनंती एवढीच, की असा कागद बदलाल तेव्हा अर्ज भरण्याआधी घरी सांगा. रागावतील, रडतील, पण त्या निर्णयात तेही असतील. आणि माझ्यासारखा जुना पासपोर्ट घरी असेल तर त्याला बिलांखाली टाकू नका, त्याचं शेवटचं पान मधून मधून उघडा.

केतन आता रोज फोन करतो. मी खणातून ऐकतो. खुबा कसा आहे, भाजी काय केली, अपेक्षाची नोकरी, सगळं बोलणं होतं. कधी येशीन, हे मात्र मीराबाईंनी त्यानंतर एकदाही विचारलेलं नाही.