अडकणारं दार

“मेलं हे दार! फुगलंय नुसतं, माझ्यासारखं,” असं पुटपुटत शिंपीणकाकू रोज सकाळी दाराला खांदा लावतात.

मित्रांनो, दार फुगलेलं नाही. मला ठाऊक आहे, कारण ते दार माझंच. मी या जुन्या गल्लीतलं एक जुनं घर. गवंड्यांनी मला चुन्यात बांधलं, तेव्हा जाणारे-येणारे माना वर करून बघत. माझ्या नक्षीच्या खिडक्यांचं केवढं कौतुक! पुढे शेजारचं घर पाडलं, तिथे खोल खड्डा खणला, आणि माझ्या पायाखालची माती हळूहळू सरकू लागली.

मला बोलता येत नाही. दार अडकवणं तेवढं जमतं. मग सुतार येतो आणि रंधा मारून जातो. म्हणजे माझी जीभच तासतो म्हणा ना.

शिंपीकाका फार कसबी. गिऱ्हाइकाचा एक खांदा उतरलेला असला, तर कोटात आतून कापसाची गादी घालतात. आरशात माणूस सरळ! माझंही त्यांनी तसंच केलं. कपाटाखाली लाकडाची चकती, पलंगाखाली वीट. कुणी विचारलंच तर म्हणायचे, “जुनं घर आहे, कुरकुरायचंच.”

परवा त्यांची लेक तान्ह्या बाळाला घेऊन माहेरी आली. वरच्या खोलीत चाकांचा पाळणा ठेवला, तर तो आपसूक खिडकीकडे घरंगळला. काकांनी चाकाखाली कापडाची घडी सारली. माझ्या तुळईचं टोक तिथेच भिंतीतून बोटभर सुटलंय, नेमकं पाळण्याच्या वर. तेव्हापासून मी जीव मुठीत धरून उभं आहे. मित्रांनो, तुमच्या घराचं दार अडकायला लागलं, तर रंध्याआधी भिंतीकडे बघा हो.

आज दुपारी घडी निसटली. पाळणा पुन्हा निघाला. लेकीने झटकन बाळ उचललं.

“बाबा, या पाळण्याचा कुठला खांदा उतरलाय?”

“अगं, चाक जरा...”

“चाकाला बिचाऱ्याला कशाला बोल लावता?” काकू म्हणाल्या. आज त्यांचा आवाज चढला नाही.

काकांनी गळ्यातला टेप काढून उगाच बोटाला गुंडाळला. मग कितीतरी दिवसांनी मान वर करून तुळईकडे बघितलं.

“पाळण्याचा नाही गं,” ते म्हणाले. “घराचाच. घर कललंय. बाळाला घेऊन आधी खाली उतरा दोघी.”