देवीचं फूल आणि पत्र्याची होडी

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. जुनी म्हणा, चालेल. मोडकी म्हणाल तर खबरदार! चोपड्याच्या युसूफभाईंनी जाड पत्रा ठोकून, सांध्यांत डांबर भरून मला घडवलं आणि गिरधर भोई मला गावच्या तळ्यावर घेऊन आला. बारा वर्षं मी त्याचं जाळं वाहिलं, टोपल्याच्या टोपल्या मासे काठाला लावले. "मन्ही होडी म्हणजे घरनी लक्ष्मी शे!" असं तो चारचौघांत सांगायचा. मला केवढा तोरा चढायचा!

त्या तोऱ्यातच मी घात केला. श्रावणात गिरधरच्या घरी कानबाई देवी बसली. त्याची बायको कोकिळा नुकतीच माहेरी जाऊन आली होती. तिथल्या पाण्यावर तरंगणारी जांभळी फुलं तिला फार आवडली, म्हणून ती मुळासकट उचलून, घमेल्यात पाणी घालून तिनं आणली आणि देवीपुढे मांडली. दुसऱ्या दिवशी विसर्जन. देवीचं निर्माल्य उकिरड्यावर कसं टाकायचं? कोकिळेनं ते भक्तिभावानं माझ्यात ठेवलं आणि मीच मिरवत मिरवत तळ्याच्या मधोमध नेऊन सोडलं.

ती होती जलपर्णी! दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. एका रोपाची दोन झाली, दोनाची चार, आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तळं काठोकाठ झाकलं गेलं. खाली ऊन पोचेना. पाण्यातला प्राणवायू सरला आणि मासे तोंड वर काढून काढून मेले. डासांनी गावाला फोडून काढलं. एक वासरू तर हिरवं कुरण समजून आत शिरलं. चौघांनी दोर लावून ओढलं, म्हणून वाचलं बिचारं.

मी काठावर पालथी पडले. माझ्या पाठीवर कोंबड्या झोपू लागल्या. अपमान की हो!

शेवटी गिरधरनं युसूफभाईंना बोलावलं. "होडी भंगारात घ्या भाऊ. आम्ही सुरतला निघालो."

हे ऐकून कोकिळेला रडू फुटलं. "चूक मन्हीच शे," ती म्हणाली. "बठ्ठी जलपर्णी मी काढसू, पन गाव सोडानं नही."

युसूफभाईंनी माझ्या पाठीवर हातोडी वाजवून पाहिली. "पत्रा ठणठणीत आहे. हिला तोडायला माझा हात धजणार नाही." मग त्यांनी माझ्या तोंडाला लोखंडी दाते जोडले. लोकांचे म्हातारपणी दात पडतात, मला आले!

काय सांगू मित्रांनो, मी त्या जलपर्णीवर तुटून पडले. गिरधर वल्हवी, मी लचके तोडी आणि काठावरून गाव दोर ओढी. एक तुकडा सुटला तरी पुन्हा वाढतो, म्हणून कोकिळा मागून चाळणीनं तुकडे वेची. काढलेला ढीग पाण्यापासून लांब वाळवून खड्ड्यात पुरला. गाव करी ते राव न करी! दोन उन्हाळे गेले, पण पाण्यात पुन्हा आभाळ दिसलं आणि गिरधरचं जाळं पुन्हा पाण्यात पडलं.

यंदा कानबाईच्या विसर्जनाला कोकिळा काठावर टोपली घेऊन उभी राहिली. एकही फूल तिनं पाण्यात जाऊ दिलं नाही. म्हाताऱ्या बायका कुरकुरल्या, तशी ती म्हणाली, "देवीले स्वच्छ पानी लागस, अक्का." सगळं निर्माल्य केळीच्या मुळाशी गेलं.

तरी परवा बांधाजवळ एक जांभळं फूल दिसलंच. जलपर्णीचं बी गाळात वर्षानुवर्षं झोपून राहतं. कोकिळा जेवणावरून उठली आणि माझ्यात येऊन बसली. आम्ही दोघींनी ते मुळासकट उपटलं.

म्हणून मला अजून निवृत्ती नाही. मित्रांनो, असं देखणं फूल पाण्यावर दिसलं तर घरी मिरवायला आणू नका आणि कुठल्या तळ्यात सोडू तर मुळीच नका. मोठ्या माणसांना सांगा, एकच रोप असतानाच ते काढायला लावा. माझे दात मजबूत आहेत, पण तळी पुष्कळ आहेत आणि मी एकच होडी.