सहा चमच्यांचं जेवण

मी एक जुना मापाचा चमचा आहे. जुना आहे, हेच तर सगळं दुखणं आहे. पण ते पुढे.

मित्रांनो, तुम्ही माझ्यासारखे पुष्कळ पाहिले असतील. पांढरा, प्लॅस्टिकचा, लांब दांड्याचा, टेबलावर ठेवला की कलंडणारा. कारखान्यातल्या तापलेल्या साच्यातून आम्ही चोवीस भाऊ एकाच काडीला लटकून बाहेर आलो. मग एकेकाला तोडून एकेका डब्यात पुरलं. माझ्या वाट्याला तान्ह्या बाळाच्या दुधाच्या पावडरचा डबा आला.

ज्या घरात मी गेलो, तिथली आई बस चालवायची. एवढं मोठं स्टिअरिंग फिरवणारे हात, पण मला दोन बोटांत अलगद धरायचे. ती मला भरायची आणि सुरीच्या पाठीने वरचा ढीग सपाट करायची. कणभर जास्त नाही, कणभर कमी नाही. बाळाने बाळसं धरलं. "या चमच्याने वाढवलं हो हिला!" असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. मी अभिमानाने फुगायचो. खरोखर फुगलो असतो तर किती बरं झालं असतं. मापाने तरी.

बाळाची चिमणी झाली, शाळेत जाऊ लागली. मी खणात गेलो. रबरबँड, संपलेले सेल आणि कुलूप हरवलेली एक किल्ली यांच्या सोबतीने सहा वर्षं काढली. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

मग आजोबा राहायला आले. बसवाल्या आईचे बाबा. आयुष्यभर शिंपीकाम केलेले. त्यांच्या जबड्याचं ऑपरेशन झालं होतं आणि चावायची चोरी होती. डॉक्टरांनी सांगितलं, सकाळ-दुपार जेवणाऐवजी प्यायची पावडर द्या. संध्याकाळी लेक कामावरून आली की मऊ शिजवलेलं. पहाटे ड्यूटीला पळणाऱ्या बाईला आणखी काय हवं? सकाळचा ग्लास हातात द्यायचा, दुपारचा झाकून ठेवायचा. डब्यावर लिहिलं होतं: सहा चमचे पावडर, कोमट पाणी, नीट ढवळा. एक ग्लास म्हणजे एक पूर्ण जेवण.

पहिल्या दिवशी तिने डबा उघडला.

"बाबा, यात चमचा दिसत नाही!"

"असेल तळाशी. ओला हात घालू नकोस बाई, गुठळ्या होतील."

"राहू दे, उशीर होतोय. आपला आहे की जुना."

खण उघडला. उजेड! आनंद झाला, खोटं कशाला बोलू? एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. सुरीची पाठ, सपाट माप, अगदी पूर्वीसारखं.

आणि पाणी नुसतं गढूळ झालं.

बाळाच्या पोटाचं माप मी. मोठ्या माणसाला ते कसं पुरणार? आठ-दहा दिवसांनी डब्यात उतरताना मी कशावर तरी आपटलो. या डब्याचा खरा चमचा होता तो. त्याच्यात मी सहज दोनदा मावलो असतो. आम्ही दोघेही पावडरीत पडून होतो आणि आम्हा दोघांनाही वाचा नव्हती. पुढे चिमणीला तो सापडला. "आई, हा बाहुलीच्या आंघोळीला घेऊ?" "घे गं." गेला. पुढच्या डब्यातला आणि त्याच्या पुढच्यातलाही तिकडेच गेला.

मी काय करणार होतो? हातातून निसटून पाहिलं. धुऊन परत आणलं. एकदा सिंकमागे पडलो. वाकून शोधलं! "हा हरवला तर माझा हातच मोडेल," ती म्हणाली. एवढी माया होती माझ्यावर.

"पोट भरलं, बाबा?"

"तुडुंब."

ती किल्ल्या घेऊन निघायची.

एका दुपारी घरात कुणी नव्हतं. आजोबांनी दुपारचा ग्लास संपवला, त्यात पाणी घालून विसळून तेही प्यायले. मग आपली पँट घेऊन शिलाई मशीनवर बसले. कंबर दोन बोटं आत घेतली. टीप इतकी सफाईदार, की बाहेरून कळू नये. महिन्याने पुन्हा दोन बोटं. मग शर्टाच्या बाजू. पँटशीच बोलले, "चारला उठते पोर. आणखी काय मागायचं तिच्याकडे?"

मी टेबलावर होतो, त्यांच्या कोपरापासून वीतभर अंतरावर.

दोन महिने झाले. तिच्या सुट्टीच्या दिवशी दवाखान्यातल्या सिस्टर वजनकाटा घेऊन घरी आल्या.

"साडेपाच किलो कमी?"

"काट्याचं काहीतरी चुकतंय, सिस्टर. कपडे बघा की, कसे अंगासरसे बसतात! आणि एकही ग्लास चुकवलेला नाही मी."

"पावडर चांगली आहे. जेवणात जे जे लागतं ते सगळं आहे तिच्यात. पण मापाने दिली तर. डबा किती दिवस जातो?"

"चोवीस," लेक म्हणाली. "छान पुरतो."

सिस्टरनी डबा फिरवला. "यात चोवीस ग्लास होतात. दिवसाला दोन म्हणजे बारा दिवस जायला हवा."

सिस्टरनी मला उचललं, उलटं केलं आणि बुडाशी कोरलेला बारीक आकडा वाचला. "हा या डब्यातला नाही, ताई."

ती वडिलांकडे वळली. "तुम्हाला भूक लागत होती?"

"थोडी लागायची."

"मग बोलायला काय झालं होतं?"

"तू सुरीने सपाट करून द्यायचीस," आजोबा म्हणाले. "इतकं मोजून दिलेलं कमी कसं असेल, असं वाटलं. म्हटलं, आता वयाला एवढंच लागत असेल."

तिने त्यांच्या पँटची कंबर उलटून पाहिली. आत दोन नव्या टिपा होत्या, एकापुढे एक. रडली नाही ती. मला घेतलं आणि मशीनवरची कात्री उचलली.

"अगं, कापडाची आहे ती! धार जाईल!"

"जाऊ दे."

दांडा एकीकडे, मी एकीकडे. राग नाही आला, मित्रांनो. दोन महिने मी हेच तर मागत होतो.

म्हणून कचऱ्याच्या टोपलीतून सांगतो, गाडी यायच्या आत. ज्या डब्यातलं पेय, त्याच डब्यातला चमचा. दिसला नाही तर कोरड्या हाताने तळापर्यंत शोधा, पाच मिनिटं उशीर होऊ दे. जुन्या वस्तूंवर प्रेम करा, पण त्यांच्यावर भरवसा ठेवताना डब्यावरचं वाचा. आणि घरातलं म्हातारं माणूस कधीच काही मागत नसेल, तर ते चांगलं लक्षण समजू नका.

आता तिने खऱ्या चमच्याने ग्लास केलाय. ढवळताना आवाजसुद्धा जड येतो.

"एवढं घट्ट?" आजोबा म्हणतात.

"एवढंच असतं, बाबा. प्या."

तीन-चार घोट ऐकू आले. मग ग्लास खाली ठेवल्याचा आवाज.

"जात नाही गं आता."

सिस्टर म्हणतात, हळूहळू जाईल. जाईल का? मला इथून काही दिसत नाही. खुर्ची ओढल्याचा आवाज येतो. ती त्यांच्याजवळ बसली असावी. ग्लास उचलल्याचा आवाज अजून आलेला नाही.