सार्मिलीकाका हरेनात

बिंबल्यांच्या गल्लीत बिंबलीचं झाड कुणीही पाहिलेलं नाही. झाडाला जेवढी जागा लागते तेवढ्यात जकार्ताच्या तांबोरा वस्तीत दोन बिऱ्हाडं सुखाने भांडतात. गल्ली इतकी अरुंद की समोरासमोरून दोन जाड माणसं आली तर एकाला कुणाच्या तरी स्वयंपाकघरात शिरावं लागतं, आणि शिरलाच आहे तर चहा पिऊन निघावं लागतं.

अशा गल्लीत त्या रविवारी सार्मिलीकाकांच्या हुमैरोहचं लग्न होतं. नवरा मुलगा रिफ्की, समोरच्याच घरातला. दोन्हीकडच्या वरच्या खिडक्यांतून हात लांबवला की मिठाची वाटी पोचते, आणि अशा वाट्या देता-घेताच हे लग्न जमलं होतं. पण बेतावी, म्हणजे जकार्ताच्या मूळ लोकांचं, लग्न म्हटलं की वरात हवी, आणि वरात कुठून तरी यायला हवी. म्हणून रिफ्कीची मंडळी सकाळी घराबाहेर पडली, डफ बडवत बाजाराला आख्खा वळसा घालून आली, आणि घामाघूम होऊन पुन्हा आपल्याच दारात, म्हणजे मुलीच्या दारात, उभी राहिली. रिफ्कीच्या मामींच्या हातात पावाची मगर होती. मगर म्हणे जन्मभर एकाच मगरीशी संसार करते, म्हणून तिच्याशिवाय लग्न नाही. ही मगर वळणावर अडकली. शेपूट मोडू नये म्हणून ती कुणाच्या तरी न्हाणीघरातून फिरवून आणावी लागली. आत कोण होतं ते विचारू नका.

आता राहिली दाराची झुंज. वराला दार असं फुकट मिळत नाही. मुलीकडचा गडी दार अडवतो, दोन्हीकडून यमकं जुळवून टोमणे होतात, मग वराकडचा गडी त्याच्याशी सिलातचे, म्हणजे तिकडच्या मर्दानी खेळाचे, दोन हात करतो, आणि मुलीकडचा हरतो. हरायचंच असतं हो! नाहीतर लग्न लागायचं कसं? आणि या हरण्यात सार्मिलीकाकांचा हात धरणारा तांबोऱ्यात कुणी नव्हता. तरुणपणी त्यांनी सिलातमध्ये भलेभले लोळवले, पण नाव झालं ते हरण्यात. गल्लीत पडायला जागा एकच, पाण्याचा पंप आणि इपाहबाईंची भज्यांची गाडी यांच्यामधली. काका तिथे असे काही कोसळायचे की लहान पोरं भोकाड पसरायची, पण इपाहबाईंच्या कढईला धक्का लागायचा नाही. म्हणून आज लेकीच्या लग्नात काका कसे पडतात ते बघायला वरच्या सगळ्या खिडक्यांतून माना बाहेर आल्या होत्या.

काकांचं मात्र सकाळपासून बिनसलं होतं. गल्लीच्या तोंडाशी टेम्पो उभा होता. त्यात हुमैरोहची गादी बांधलेली दिसली होती. रिफ्कीला दूर चिकारांगच्या कारखान्यात नोकरी लागली होती, घरही मिळालं होतं. निकाह झाला की दोघं तिकडे जाणार.

"बाबा, तिकडे दोन घरांच्या मधून चक्क मोटार जाते," हुमैरोह कौतुकाने सांगायची.

"मोटार जाते? मग मीठ संपलं तर काय मोटारीकडे मागणार?" काका फणकारायचे.

जन्मल्यापासून ही पोरगी एका फळकुटापलीकडे झोपली होती. तिने कूस बदलली तरी त्यांना कळायचं. आता ती जाणार, आणि ते त्यांना नको होतं. बस्स, नको होतं. पण लग्न ठरल्यावर बापाने असं म्हणायचं नसतं, म्हणून ते मूग गिळून बसले होते.

डफ थांबले. वराकडून जुनैदी पुढे झाला. मोबाइल दुरुस्त करणारा पोरगा, गालफडं बसलेली, आणि आजच्यापुरती काजळाने काढलेली मिशी. त्याने छाती काढून आरोळी ठोकली,

"बाजारातून आणले आम्ही पेरू गोड गोड,
म्हाताऱ्या, बाजूला हो, दाराची वाट सोड!"

काकांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"पेरू तुझे किडके मेल्या, मिशी तुझी खोटी,
दार हवं तर हलव मला, बात नको मोठी!"

गल्ली खिदळली. जुनैदीने ठरल्याप्रमाणे डाव्या हाताची थाप मारली. ठरल्याप्रमाणे काकांनी ती छातीवर घेऊन कोलमडायचं होतं. काकांनी मनगट धरलं, आणि जुनैदी पंपावर जाऊन बसला.

"वा काका, रंगत आणलीत!" वरून कुणीतरी टाळ्या पिटल्या.

जुनैदी उठून काकांच्या कानाशी लागला. "काका, आता पडा हं. मी उजवीकडून येतो."

"ये की."

तो उजवीकडून आला आणि थेट भज्यांच्या गाडीत गेला. भजी उधळली. वरच्यांनी झेलली, खालच्यांनी वेचली. इपाहबाईंनी झारा उगारून काकांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

"अहो, हरायचंय तुम्हाला!" वराकडचे किंचाळले.

"मग हरवा ना! मी काय नाही म्हणतोय?"

झालं, वराकडचे इरेला पेटले. पण गल्ली अशी की अंगावर एका वेळी एकानेच यावं. रिफ्कीचे मामा आले, ते एका स्वयंपाकघरात जाऊन पडले आणि तिथे चहा मिळाल्यामुळे परत आलेच नाहीत. एक डफवाला आला, त्याचा डफ त्याच्याच गळ्यात गेला. काकांना खरंच पडायचं होतं हो. दर वेळी ते मनाशी म्हणत, आता पडू. पण पाठीमागे दार होतं, दारामागे लेक होती, आणि हात ऐकतच नव्हते.

काकांच्या माडीवर काझीसाहेब घड्याळ बघून कावले होते. "मला पुढे आणखी लग्नं आहेत. इथे निकाह आहे की कुस्त्यांचा फड?"

काकांची बायको रुगाया खिडकीत आली. "अहो! पडताय की येऊ खाली?"

"पडतो, पडतो," म्हणत काकांनी दुसऱ्या डफवाल्याला आडवा केला.

रुगायाने कपाळावर हात मारला आणि समोरच्या खिडकीकडे पाहिलं. या गल्लीत मीठ, मूल, मांजर, सगळं खिडकीतून जातं, मग नवऱ्या मुलालाच काय झालं? तिने खूण केली. वराकडची मंडळी गुपचूप आपल्याच घरात शिरून वर गेली. दोन खिडक्यांवर शिडी आडवी पडली. आधी मगर आली. मग लांब अंगरखा सावरत, कलमा पुटपुटत, गुडघ्यांवर रांगत रिफ्की आला. ही मजा बघायला बाकीचेही भराभर माड्यांवर चढले.

खाली काकांनी शेवटच्या डफवाल्याला बसवलं आणि दंड थोपटले. "अजून कोण आहे?"

कुणीच नव्हतं. तो डफवालाही लंगडत सटकला. इपाहबाईसुद्धा गाडी सोडून वर गेल्या होत्या. गल्ली रिकामी! काकांनी आयुष्यात ती रिकामी पाहिली नव्हती. तिची फरशी लाल आहे हे त्यांना आज कळलं. त्यांनी वर पाहिलं, तर रिफ्कीचे पाय त्यांच्याच खिडकीतून आत जात होते.

वर काझी विचारत होते, "मुलीचे वडील कुठायत? बापाने मुलगी दिल्याशिवाय निकाह कसा लावू?"

काका दाराकडे धावले. आतून कडी.

"कोण आहे?" आतून रुगायाचा आवाज आला.

"अगं, मी!"

"मुलीकडचे असाल तर बाहेरच थांबा. वराकडचे सगळे आत आलेत. निकाल लागला का झुंजीचा?"

"लागला की. सगळ्यांना लोळवलं!"

"मग राहा जिंकून."

कडी काही हलली नाही. मग दाराला आतून कुणीतरी टेकल्यासारखं वाटलं.

"बाबा," हुमैरोह हळूच म्हणाली, "मला तिकडे झोप येईल का हो? तुमचं घोरणं ऐकल्याशिवाय मी कधी झोपलेय?"

काकांच्या जिभेवर आलं होतं, मग नको ना जाऊस. तेवढं म्हटलं असतं तर ती कदाचित थांबलीही असती. त्यांनी ते गिळलं.

"येईल गं," ते म्हणाले. "पहिल्यांदा नाही येणार. मग येईल."

"तुम्हाला?"

"माझं मी बघतो." त्यांनी दारावर तळवा ठेवला. "रुगाया, हरलो मी. उघड."

कडी निघाली. आत बाशिंगाच्या मोत्यांआड लेकीचे डोळे लाल झालेले दिसले. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ते माडी चढले. तिथे माणसं इतकी होती की त्यांना रिफ्कीसमोर जवळजवळ त्याच्या मांडीवरच बसावं लागलं. त्यांनी त्याचा हात हातात घेतला, तसा तो पोरगा पांढराफटक पडला. खाली काय काय झालं ते त्याने पाहिलंच होतं. काकांनी माझी मुलगी हुमैरोह म्हटलं, ते खाकरले, आणि वाक्य पुरं केलं. रिफ्कीने एका दमात कबूल म्हटलं. साक्षीदारांनी माना डोलावल्या, दुआ झाली, मगरीचे तुकडेही वाटायला घेतले.

"काका," काझीसाहेब म्हणाले, "हात सोडा आता त्याचा. झालं."

"झालं?"

"हो, झालं."

काकांनी हात सोडला.