चार चेहऱ्यांची रोझाबाई

मित्रांनो, मी एक जुनी बाई आहे. किती जुनी ते मला नीट सांगता येणार नाही, कारण माझं वय लिहिणाऱ्यांच्या सोयीने वाढतं आणि कमी होतं. मला समुद्रकाठी मोठं घर आहे, माझे तीन नवरे होऊन गेले आहेत, दागिन्यांची तर गणतीच नाही. फक्त स्वतःचा चेहरा नाही. तो मला दरवेळी कुणाकडून तरी घ्यावा लागतो.

अमेरिकेत दुपारी दोन वाजता टीव्हीवर एक मालिका लागते. ती इतकी वर्षं चालू आहे की तिचा पहिला भाग पाहिलेल्या बायका आता पणज्या झाल्या. त्या मालिकेतली मी रोझलिन हार्टवेल. माझा जन्म न्यूयॉर्कमधल्या एका धुरकट खोलीत झाला. तिथे चार लेखक सिगारेटी ओढत बसले होते आणि त्यांना डॉक्टर हार्टवेलसाठी एक बायको हवी होती. सहा आठवडे पुरेल, असं त्यांच्यातला एक जण म्हणाला. तेवढंच माझं आयुष्य ठरलं होतं. पण बघणाऱ्यांना मी आवडले आणि राहिले.

माझी पहिली नटी किंचित घोगऱ्या आवाजाची होती. राग आला की ती काही बोलायची नाही, नुसते हातमोजे काढायची. सावकाश, एकेक बोट सोडवत. तिच्या त्या हातमोज्यांसाठी पोत्यांनी पत्रं यायची. पुढे तिने काम सोडलं. तेव्हा एका दुपारी पडद्यामागून एक आवाज म्हणाला की आजपासून रोझलिनची भूमिका अमुक बाई करीत आहेत. एवढं एकच वाक्य. त्यानंतर माझा नवरा त्या परक्या बाईचा कोट हातात घेऊन तिला विचारू लागला, दिवस कसा गेला. कुणी दचकलं नाही. आमच्याकडे रीतच आहे तशी.

ही दुसरी नटी पहिलीसारखंच करायची. आवाज घोगरा काढायची, हातमोजेही तसेच. लोक वैतागले. तिसरी आली तिने हातमोजे घातलेच नाहीत, आणि ती सगळ्यांत जास्त टिकली. आता चौथी आहे.

मधल्या काळात मला विसरलंही गेलं. एकदा मी शाल आणायला वरच्या मजल्यावर गेले, ती वर्षभर खाली आलेच नाही. माझ्या घरातल्या कुणी विचारलंसुद्धा नाही, रोझलिन कुठे आहे म्हणून. पण दोन बायकांनी विचारलं. त्यांचीच गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे, कारण माझ्यासारखं पात्र जिथे कुणी त्याची गोष्ट सांगतं, तिथेही जगत असतं.

मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरी गावात नीलांबरी राहायची. ती नागपूरहून आली तेव्हा नवी नवरी होती. तिचा नवरा गुरुनाथ सकाळी कॉम्प्युटर कंपनीत जायचा आणि ती बर्फाकडे बघत बसायची. इंग्रजीत ती पदवीधर होती, पण दुकानातल्या बाया शब्द गिळत बोलायच्या आणि हिला काही कळायचं नाही. आम्ही मालिकेतली माणसं मात्र एक वाक्य बोलतो आणि खिडकीबाहेर बघतो. तेवढ्यात नीलांबरीला अर्थ लागायचा. असं ती माझ्याकडून बोलायला शिकली. एकदा बॉयलर दुरुस्त करणारा तीन तास उशिरा आला. तिने खिडकीबाहेर बघत, अगदी माझ्यासारखं, त्याला सांगितलं की तुम्हाला याचा पश्चात्ताप होईल. तो इतका घाबरला की जाताना तळघराच्या पायऱ्याही पुसून गेला.

खालच्या अपार्टमेंटमध्ये आसावरी होती, तिच्याच वयाची, मुंबईची. दोघी मिळून मला बघायच्या. रोझलिन हे नाव त्यांना लांबचं वाटे, म्हणून त्यांनी मला रोझाबाई केलं. नंतर आसावरी नवऱ्याच्या नोकरीमुळे जॉर्जियात, अल्फारेटाला गेली. तेव्हापासून मालिका संपली की बरोबर तीनला तिचा फोन यायचा. मी वरच्या मजल्यावर अडकले होते त्या वर्षी आसावरी रोज म्हणायची, "शाल अजून मिळालेली दिसत नाही बाईला."

मग आसावरीचे डोळे बिघडले. नजरेच्या मधोमध धूसर डाग पडला. कडेचं दिसे, समोरच्या माणसाचा चेहरा दिसेना. नुसत्या आवाजांनी तिचं डोकं दुखे, म्हणून तिने टीव्ही बंद करून टाकला. त्यानंतर नीलांबरी तिला रोजचा भाग फोनवर मराठीत सांगू लागली. त्या मराठीत मी जितकी सुखात होते तितकी पडद्यावर कधीच नव्हते.

गेल्या हिवाळ्यात नीलांबरी गेली.

तिची मुलगी रुचा शिकागोहून आली, ती वडिलांपाशी राहिली. मित्रांनो, रुचाच्या मनात एक प्रश्न होता. दोन वर्षांपूर्वी तिने इन्शुरन्स कंपनीतली चांगली नोकरी सोडली आणि ती मातीची भांडी करू लागली. त्याच सुमारास तिचं लग्नही मोडलं. हे सगळं तिने फोनवर सांगितलं तेव्हा आई फक्त म्हणाली, "तुझं तू बघ." त्या तीन शब्दांत राग होता, लाज होती की भरवसा होता, ते रुचाला कळलं नाही. तिने विचारलं नाही. आईने पुन्हा विषय काढला नाही. आता विचारायला कुणी उरलं नव्हतं. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, तिला तू कळत होतीस गं. वडील असं म्हणणारच, असं रुचाला वाटलं.

तेरावा झाल्यावर पहिल्याच सोमवारी तीनला फोन वाजला. आसावरी होती. सवयीने लावला गेला, ठेवते, असं ती म्हणाली. रुचाने तिला ठेवू दिला नाही. आईच्या दिवसातली तेवढी एक गोष्ट अजून चालू होती. उद्यापासून मी भाग बघते आणि तुम्हाला सांगते मावशी, असं तिने कबूल केलं.

ती रोज दोनला आईच्या खुर्चीत बसून मला बघू लागली. पण सांगायची कशी, तर ऑफिसच्या मीटिंगमध्ये सांगतात तशी. प्रथम हे झालं, त्यानंतर ते झालं. तिसऱ्या दिवशी आसावरीने विचारलं, "गोष्ट सांगतेस की वेदर रिपोर्ट?" मग रुचाने आईसारखं सांगून पाहिलं. तोच हेल, तेच "आणि काय सांगू तुला" मध्ये मध्ये. "नीलूसारखं नको बोलूस बाळ," आसावरी पलीकडून म्हणाली. "क्षणभर खरं वाटतं, आणि मग मला पुन्हा पहिल्यापासून सगळं कळतं." मला माझी दुसरी नटी आठवली. तीही बिचारी प्रेमानेच करत होती.

तरी फोन चालू राहिले. रुचा तिच्या मोडक्या मराठीत, मध्येच इंग्रजीत घसरत सांगायची आणि आसावरी चुका काढायची. दोघींना त्याची सवय होत आली होती. अशात एका दुपारी लिहिणाऱ्यांनी मला दफनभूमीत पाठवलं. माझ्या चौथ्या नटीने तो प्रसंग फार चांगला केला. ती रडली नाही, नुसती दगडावरची पानं झाडत राहिली. तीनला रुचाने सांगितलं, "मावशी, आज रोझाबाई तिच्या मुलाच्या ग्रेव्हवर गेली होती. टॉबीच्या."

पलीकडून आसावरी म्हणाली, "आज एवढं पुरे." फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. रुचाने लावला तर कुणी उचलला नाही. हा एक धागाही आपण तोडला असं वाटून ती स्वयंपाकघरात येऊन बसली. गुरुनाथ भाजी चिरत होते. काय झालं ते ऐकून त्यांनी सुरी खाली ठेवली.

"तिला टॉबी मेलेला माहीत नाही," ते म्हणाले. "तुझ्या आईने त्याला ऑस्ट्रेलियाला पाठवलं होतं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. सहा वर्षांपूर्वी आसावरीचा एकुलता एक मुलगा देवांग गाडीच्या अपघातात गेला. त्याच महिन्यात लिहिणाऱ्यांनी माझ्या टॉबीची बोट बुडवली. नीलांबरी फोन हातात धरून बसून राहिली, हे मी तिला कसं सांगू म्हणाली. आणि तीन वाजले तेव्हा तिने सांगितलं की टॉबीला मेलबर्नला नोकरी लागली.

"आणि मग?" रुचाने विचारलं.

"मग काय, राहिला तो तिथेच. रोज थोडं थोडं त्याचं सांगायची. मी आत असायचो, सगळं काही कानावर पडायचं नाही."

तुम्हाला वाटेल, ही तर निव्वळ फसवणूक. मला विचाराल तर, त्या सहा वर्षांत पडद्यावर मी काळे कपडे घालून हिंडत होते आणि श्रूजबरीच्या फोनवर माझं पोर जिवंत होतं. त्याला भूक लागत होती, त्याला सर्दी होत होती. आईला याहून जास्त काय हवं असतं?

रुचाने आसावरीच्या फोनवर निरोप ठेवला. त्यात ती फक्त एवढं म्हणाली की मावशी, मला माहीत नव्हतं, प्लीज बोला. संध्याकाळी आसावरीचा फोन आला.

"तुला माहीत नव्हतं. मला होतं," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"अगं, तेव्हाच. केस कापायला गेले होते. तिथली बाई डोळे पुसत होती, टॉबी बुडाला म्हणून. घरी आले तर तीनला नीलू सांगतेय, मेलबर्नला गेला."

"मग तुम्ही आईला काहीच बोलला नाहीत?"

"काय बोलू? इतकं मन लावून खोटं कुणी माझ्यासाठी आयुष्यात बोललं नव्हतं. आणि मला ते हवं होतं गं. कुणाचा तरी मुलगा कुठेतरी सुखरूप आहे, फोन कमी करतो एवढीच काय ती तक्रार. टॉबी गेल्याचं मला ठाऊक होतं. त्याला सांभाळणारी गेली, ते त्या दिवशी तू बोललीस तेव्हा आत पोचलं. म्हणून ठेवला फोन. तुझ्यावर नाही रागावले."

रुचाने विचारलं, टॉबी तिथे काय करतो, आई काय सांगायची.

"काय काय सांगायची. लग्न मोडलं त्याचं. पण बायकोला नावं ठेवत नाही, याचं नीलूला फार कौतुक होतं. मोठी नोकरी होती, तीही सोडली. मातीची भांडी करतो आता."

रुचा उभी होती, ती खुर्चीत बसली. आसावरी आपल्याच नादात सांगत होती.

"आणि रोझाबाई?" रुचाने विचारलं. "ती चिडली का त्याच्यावर?"

"चिडली? छे. घाबरली आधी. एकटं पडलं पोर म्हणून. पण बोलायला गेली की लेक्चर होतं, तिला माहीत होतं ना स्वतःचं तोंड. म्हणून तुझं तू बघ एवढंच म्हणाली आणि फोन ठेवून रडली. दुसऱ्या दिवशी मला म्हणते, आसावरी, माझ्यात नव्हती ती हिंमत पोरात आली बघ. कुठून आली कोण जाणे."

रुचा रडत होती ते पलीकडे ऐकू गेलं असावं.

"मावशी, तुम्हाला कळत होतं ना, हे कुणाचं सांगते आहे ती?"

"माझे डोळे गेलेत रुचा, डोकं नाही," आसावरी म्हणाली. मग तिचा आवाज खाली आला. "तिला तुझ्याबद्दल सरळ बोलवत नव्हतं. मला देवांगबद्दल सरळ ऐकवत नव्हतं. टॉबीच्या नावाखाली आम्ही दोघी आपापलं लेकरू मांडीवर घेऊन बसायचो."

दुसऱ्या दिवशी तीनला फोन रुचानेच लावला. दफनभूमीचं तिने नाव काढलं नाही. हेल आईचा नव्हता, मीटिंगचाही नव्हता. आसावरीने नेहमीसारखं विचारलं, "काय म्हणतोय टॉबी?"

"तो आलाय इथे," रुचा म्हणाली. "रोझाबाईचं कपाट आवरायला काढलंय त्याने सकाळपासून. एक साडी घडी करतो आणि परत उघडतो. काही होत नाहीये त्याच्याकडून."

"मग नको आवरू म्हणावं आज. काही घाई नाही. तिथेच बस म्हणावं जरा."

"सांगते त्याला," रुचा म्हणाली, आणि दोघी बराच वेळ फोन न ठेवता बसून राहिल्या.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी म्हणणार नाही. मला चेहरा द्यायला पाचवीही कुणी मिळेल. पण तुमच्या घरात कुणी दुपारचं फोनवर लांबच्या कुणाची तरी गोष्ट रंगवून सांगत असेल, तर हसून पुढे जाऊ नका. दाराशी थोडं थांबा. ती तुमचीही असू शकते. आणि ती सांगणारा आवाज एकदा गेला, तर दुसऱ्याच्या तोंडून तिचे तुकडे तुकडेच ऐकायला मिळतात, तेही नशिबात असेल तर.

लिहिणाऱ्यांनी उद्याही मला त्या दगडापाशीच ठेवलं आहे. हातात पांढरी फुलं, केसांवर पंख्याचा वारा. मी उभी राहते, दिलेलं वाक्य बोलते, खिडकी नाही म्हणून समुद्राकडे बघते, आणि तीन वाजायची वाट बघत राहते.